गोल्फसाठी हातात धरायचं जीपीएस घ्यायचंय? आधी तुमच्या कोर्सचा नकाशा तपासा

गोल्फ सुरू करून वर्ष-दीड वर्ष झालं की प्रत्येकाच्या डोक्यात हा प्रश्न येतोच, की अंतर मोजायला नेमकं काय घ्यायचं. लेझर घ्यायचा, घड्याळ घ्यायचं, फोनवर अ‍ॅप टाकायचं की ते छोट्या मोबाईलसारखं दिसणारं हँडहेल्ड जीपीएस घ्यायचं. ऑनलाईन बघायला गेलं की चाळीस हजार कोर्स, रंगीत टचस्क्रीन, स्लोप, ब्लूटूथ, स्विंग स्पीड अशी लांबलचक यादी समोर येते, आणि ज्याला फक्त "इथून ग्रीन (म्हणजे होलभोवतीचा अगदी बारीक गवताचा भाग) किती लांब आहे" एवढंच हवंय तो पार गोंधळून जातो. माझं मत आधीच सांगून टाकते. तुम्ही दर आठवड्याला ज्या कोर्सवर खेळता त्या कोर्सचा नकाशा त्या यंत्रात किती बरोबर आहे हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याच्या खालोखाल भर उन्हात तो आकडा तुम्हाला एका नजरेत वाचता येतो का हे. बाकी सगळं त्यानंतर. असं का म्हणते ते कळायला हे यंत्र आत काय करतं ते थोडं समजून घ्यावं लागेल, आणि ते अजिबात अवघड नाहीये.

जीपीएसचे उपग्रह आपल्या डोक्यावर साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. पूर्ण पृथ्वीसाठी कमीत कमी २४ लागतात, प्रत्यक्षात तीसच्या आसपास काम करत असतात. प्रत्येक उपग्रह सतत एवढंच सांगत असतो की मी अमुक आहे, अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. तो संदेश तुमच्या हातातल्या यंत्रापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला ते कळलं की त्या उपग्रहापासून तुम्ही किती लांब आहात ते कळतं, आणि अशी अंतरं तीन उपग्रहांपासून मिळाली की तुमची जागा ठरते. पण उपग्रहात अणुघड्याळ असतं आणि तुमच्या यंत्रात साधं क्वार्ट्झचं, आणि इथे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो, म्हणून घड्याळाची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. म्हणून चारपेक्षा कमी उपग्रह दिसत असतील तर स्क्रीनवरच्या आकड्यावर विसंबायचं नाही.

आता एक जुनी गोष्ट, कारण तिच्याशिवाय हे यंत्र बाजारात आलंच नसतं. २००० सालापर्यंत अमेरिकेचं सरकार सामान्य लोकांना मिळणारा सिग्नल मुद्दाम बिघडवून पाठवायचं, म्हणजे शत्रूला त्याचा अचूक वापर करता येऊ नये म्हणून, आणि त्यामुळे साध्या रिसीव्हरची चूक शंभर मीटरपर्यंत जायची. शंभर मीटर चुकणारं यंत्र घेऊन गोल्फमध्ये काय करणार! मे २००० च्या सुरुवातीला हा बिघाड बंद केला गेला आणि रातोरात साधे रिसीव्हर कितीतरी पटीने अचूक झाले. खिशात मावणारी गोल्फची यंत्रं त्यानंतरच्या काही वर्षांत यायला लागली. आज उघड्या आकाशाखाली साधा स्मार्टफोनसुद्धा पाचेक मीटरच्या आत तुमची जागा सांगतो, आणि गोल्फसाठी बनवलेलं चांगलं यंत्र साधारण तीन ते पाच यार्डांत राहतं.

पण इथपर्यंतची गोष्ट फक्त तुम्ही कुठे उभे आहात याची झाली. ग्रीन कुठे आहे हे उपग्रह सांगत नाहीत. यंत्राला ग्रीन दिसत नाही, फ्लॅग, म्हणजे होलमध्ये लावलेलं निशाण, तर अजिबातच दिसत नाही. ग्रीनची पुढची कड, मधला बिंदू आणि मागची कड यांचे अक्षांश-रेखांश कंपनीने आधीच त्यात भरून ठेवलेले असतात, आणि यंत्र फक्त तुमची जागा आणि तो बिंदू यांच्यातलं सरळ अंतर काढतं. म्हणजे चूक दोन ठिकाणी होऊ शकते, एक तुमची जागा ठरवण्यात आणि दुसरी तो नकाशा बनवण्यात. पहिली चूक आज जवळपास सगळ्याच ब्रँडमध्ये सारखीच आहे. दुसरी मात्र कंपनीगणिक आणि कोर्सगणिक बदलते, आणि ती जाहिरातीत कुठेच लिहिलेली नसते.

नकाशे बहुतेक वेळा उपग्रहाच्या किंवा विमानातून काढलेल्या फोटोंवरून बनतात. स्कायकॅडी ही कंपनी पहिल्यापासून माणसं पाठवून कोर्स चालून मोजण्यावर भर देते आणि तेच तिचं मोठं भांडवल आहे. गार्मिन, बुशनेल यांच्या यादीत जगभरातले चाळीस हजारांच्या आसपास कोर्स असतात, पण आकडा मोठा आहे म्हणजे तुमचा कोर्स नीट आहे असं होत नाही. झाड मोठं असलं आणि त्याची सावली ग्रीनवर पडत असली तर फोटोवरून ग्रीनची कड नक्की कुठे संपते हे कळत नाही. क्लब एखादं ग्रीन पूर्ण खणून नव्याने बांधतो, बंकर (वाळूचा खड्डा) हलवतो, टी (होलचा पहिला शॉट मारायची जागा) मागे नेतो, आणि नकाशा मात्र दोन वर्षांपूर्वीचाच राहतो. आपल्याकडे पावसाळ्यात अजून एक प्रकार होतो, एखादं ग्रीन पाण्याने खराब झालं की त्याच्या पुढे फेअरवेवरच, म्हणजे टी आणि ग्रीनच्या मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, तात्पुरतं ग्रीन करतात, आणि हे जगातल्या कुठल्याच यंत्राला माहीत नसतं. तेव्हा नकाशातला मधला बिंदू विसरून सरळ कॅडीला, म्हणजे आपली बॅग घेऊन बरोबर चालणाऱ्याला, विचारायचं.

नकाशा तपासायची पद्धत सोपी आहे आणि विकत घ्यायच्या आधी करता आली तर उत्तमच. ओळखीच्या कोणाकडे ते मॉडेल असेल तर एक राऊंड त्यांच्याबरोबर खेळा. ग्रीनवर पोचलात की पट करायला (बॉल होलमध्ये ढकलायला) जायच्या आधी ग्रीनच्या अगदी पुढच्या कडेवर, म्हणजे जिथे फ्रिंज संपून बारीक गवत सुरू होतं तिथे उभं राहा, आणि थोडं थांबा, कारण चालताना आकडा मागे-पुढे होत असतो. समोरचा "फ्रंट" आकडा शून्य ते तीन-चारच्या मध्ये यायला हवा. मग चालत मागच्या कडेला जा आणि "बॅक" बघा. असं चार-पाच होलवर करा. एखाद्या होलवर फ्रंट सात-आठ दाखवत असेल आणि बाकीच्या होलवर बरोबर असेल तर त्या ग्रीनचा नकाशा चुकलाय, उपग्रह नव्हे, कारण उपग्रहांची चूक असती तर ती एकाच होलला धरून बसली नसती. दुसरी तपासणी फेअरवेवर करायची. बहुतेक कोर्सवर १०० ला लाल, १५० ला पांढरा आणि २०० ला निळा अशी खूण असते, कुठे दगड असतो, कुठे खांब, कुठे जमिनीत बसवलेली चकती, आणि ते अंतर शक्यतो ग्रीनच्या मध्यापर्यंतचं असतं, तरी तुमच्या क्लबात मध्यापर्यंत धरतात की पुढच्या कडेपर्यंत ते एकदा विचारून घ्या. तिथे उभं राहून यंत्राचा "मिडल" आकडा जुळतो का बघायचं. जुळला नाही तर लगेच यंत्राला नावं ठेवू नका, कधीकधी खूणच चुकीच्या जागी असते, म्हणून दोन-तीन खुणांवर बघा.

मापाचं एक सांगून ठेवते. आपल्याकडच्या कोर्सची स्कोअरकार्डं यार्डांत असतात, पण यंत्र सुरू करताना भाषा आणि देश निवडताना चुकून मीटर ठरून जातात आणि मग सगळा खेळ बिघडतो. १५० यार्ड म्हणजे १३७ मीटर, आणि १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड, म्हणजे सरळ एका क्लबपेक्षा (इथे क्लब म्हणजे मारायची काठी) जास्तीचा फरक. नवीन यंत्र हातात आलं की पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन हे बघा.

आता ते तीन आकडे, फ्रंट, मिडल आणि बॅक, हे खरं तर या यंत्राचं हृदय आहे आणि बरेच जण फक्त मधला आकडा बघून मोकळे होतात. समजा समोर ग्रीन आहे, फ्रंट १२८, मिडल १४१, बॅक १५५. म्हणजे ग्रीन पुढून मागे २७ यार्ड खोल आहे. तुमच्या दोन लागोपाठच्या आयर्नमध्ये साधारण दहा-बारा यार्डांचा फरक असतो, म्हणजे या एकाच ग्रीनवर पुढच्या फ्लॅगला एक क्लब आणि मागच्या फ्लॅगला त्याहून दोन क्लब जास्त लागू शकतात. ग्रीनच्या पुढे बंकर असेल आणि मागे मोकळी जागा असेल तर १४१ चा क्लब घेऊन थोडा मिसहिट झाला तरी बॉल बंकरच्या पलीकडे पडतो का, हे तुम्ही फ्रंटच्या आकड्यावरून ठरवता. मागे उतार किंवा झुडपं असतील तर उलटा विचार. लेझर तुम्हाला फ्लॅगचं अचूक अंतर देतो, एका यार्डापर्यंत, पण फ्लॅगच्या पुढे किती ग्रीन आहे आणि मागे किती आहे हे तो सांगत नाही, आणि माझ्यासारख्या हौशी खेळाडूला फ्लॅगच्या अचूक अंतरापेक्षा ते दोन आकडे जास्त कामाचे वाटतात. शिवाय डॉगलेग, म्हणजे मध्येच वळणारा होल, असेल, मध्ये टेकाड असेल, झाडं असतील, धुकं असेल किंवा पावसाची झड असेल तर लेझरला फ्लॅग दिसतच नाही. जीपीएसला त्याने फरक पडत नाही.

यातच अजून एक बारकावा आहे. ग्रीनची "पुढची कड" म्हणजे कुठली हे तुम्ही कुठून मारताय यावर ठरतं. फेअरवेच्या मधून मारताना जी पुढची कड असते ती उजवीकडच्या रफमधून, म्हणजे बाजूच्या वाढलेल्या गवतातून, मारताना बाजूची होते. स्वस्त यंत्रांत हे तीन बिंदू कायमचे ठरलेले असतात, जरा वरच्या यंत्रांत ग्रीनचा पूर्ण आकार भरलेला असतो आणि तुमच्या दिशेप्रमाणे कडा पुन्हा मोजल्या जातात, आणि टचस्क्रीनवर बोटाने फ्लॅग सरकवता येतो, म्हणजे त्या दिवशी पिन डावीकडे मागे असेल तर तिथे ठेवायचा. तुमच्या कोर्सची ग्रीन्स रुंद आणि तिरकी असतील तर या सोयीला पैसे द्यावेत असं मला वाटतं. छोटी गोल ग्रीन्स असतील तर काही गरज नाही.

ग्रीनइतकंच महत्त्वाचं म्हणजे मधले अडथळे. आपल्या कोर्सवर नाले भरपूर, आणि नाल्याचे दोन आकडे लागतात, अलीकडचा काठ आणि पलीकडचा काठ. अलीकडचा काठ १७०, पलीकडचा १८५, आणि तुमचा बॉल हवेतून १७५ जातो, तर तो नाल्यातच जाणार हे मारायच्या आधी कळतं आणि तुम्ही निमूटपणे कमी अंतर जाणारा क्लब काढता. साध्या यंत्रात असे अडथळे नुसत्या नावांच्या यादीत येतात, "लेफ्ट बंकर", "क्रीक" वगैरे, आणि ती यादी वाचून समोरच्या जमिनीशी जुळवायला वेळ लागतो. चित्र असलेल्या यंत्रात बोट ठेवलं की तिथपर्यंतचं आणि तिथून ग्रीनपर्यंतचं अंतर दिसतं. ज्या कोर्सवर तुम्ही पहिल्यांदाच जाताय तिथे या चित्राची खरी किंमत कळते.

आणि कॅडी? भारतात खेळताना हा प्रश्न येतोच, कारण बहुतेक क्लबात कॅडी असतो आणि वर्षानुवर्षं तेच कोर्स चालणाऱ्या कॅडीला यार्डेज तोंडपाठ असतात. मग यंत्र कशाला? माझं म्हणणं असं आहे की दोघांचं काम वेगळं आहे. यंत्र सरळ रेषेतलं अंतर सांगतं. कॅडी सांगतो, "मॅडम, एकशे चाळीसच आहे पण हवा समोरून आहे, दहा जास्तीचं मारा, आणि उजवीकडे ठेवा, बॉल डावीकडे जाणार." हे दुसरं वाक्य कुठल्याही यंत्रात नाही. मी आकडा बघते, कॅडीला सांगते आणि मग त्याचं ऐकते, आणि चांगल्या कॅडीला यात कमीपणा वाटत नाही, उलट त्याला नेमका आकडा मिळतो. यंत्र असलं की कॅडीची गरज नाही असं मानून जे खेळतात त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं, कारण कोर्सबद्दलची निम्मी माहिती ते हातची घालवतात.

स्क्रीनबद्दल आता जरा सविस्तर. आपल्याकडे ऊन कसलं असतं ते वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर फोनच्या स्क्रीनवर काही दिसत नाही, ब्राइटनेस पूर्ण वाढवला तर बॅटरी संपते, आणि फोन तापला की तो स्वतःच स्क्रीन मंद करतो. गोल्फच्या बऱ्याच हँडहेल्डमध्ये वेगळ्या प्रकारची स्क्रीन असते, ती बाहेरचा उजेड परत फेकते, त्यामुळे ऊन जितकं जास्त तितकी ती स्वच्छ दिसते. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली अशी स्क्रीन फिकी दिसते आणि शेजारचं चकचकीत रंगीत यंत्र भारी वाटतं, तिथे फसू नका, दोन्ही घेऊन दुकानाच्या बाहेर रस्त्यावर जा आणि हात लांब करून बघा. चाळिशी लागलेल्यांनी तर हे नक्की करावं, कारण गोल्फ खेळताना आपण लांबचं बघत असतो, वाचायचा चष्मा बॅगेत असतो आणि प्रत्येक शॉटला तो काढणं-घालणं शक्य नसतं. हँडहेल्डचा घड्याळापेक्षा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो, की आकडे मोठे असतात. शिवाय मनगटावर जड काही असलं की स्विंगमध्ये खुपतं असं म्हणणारेही बरेच आहेत.

टच की बटणं? ग्लोव्ह घातलेल्या हाताने, घामाने ओल्या बोटांनी किंवा पावसाच्या थेंबांत टचस्क्रीन त्रास देतं, बटणं देत नाहीत. उलट चित्रावर फ्लॅग हलवायचा असेल तर टचच लागतं. पावसाळ्यात खेळणाऱ्यांनी आयपीएक्स-७ असं लिहिलंय का बघावं, त्याचा अर्थ यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी जायला नको. ते बुडवून बघायची गरज नाही, पण भिजलेल्या टॉवेलखाली राहिलं तर घाबरायचं कारण नाही.

बॅटरीचं गणित असं की १८ होलचा राऊंड चार-साडेचार तासांचा, रविवारी गर्दी असली तर पाचाचा. गार्मिनचं छोटं, पट्ट्याला अडकवायचं अप्रोच जी१२ कंपनीच्या आकड्याप्रमाणे ३० तासांपर्यंत चालतं, म्हणजे आठवड्यात दोनदा खेळणारा माणूस दोन-तीन आठवडे चार्जरकडे बघणार नाही. त्यांचंच मोठं अप्रोच जी८०, साडेतीन इंच टचस्क्रीनचं आणि आत रडार असलेलं, १५ तासांपर्यंत. कंपनीचा आकडा नव्या बॅटरीचा असतो, दोन-तीन वर्षांनी तो कमी होणार, म्हणून जिथे सुरुवातच बारा-चौदा तासांची आहे तिथे पुढे दर राऊंडला चार्ज करावं लागेल असं धरून चाला.

मॉडेलची नावं निघालीच आहेत तर माझं मत सांगते. ज्यांना फक्त तीन आकडे हवेत आणि कटकट नको त्यांनी जी१२ किंवा बुशनेलचं फँटम यांसारखं छोटं यंत्र बघावं. फँटमच्या मागे चुंबक असतं, ते कार्टच्या लोखंडी दांडीला चिकटून बसतं आणि खाली वाकून बॅगेत शोधावं लागत नाही. मोठं चित्र हवं असेल, डोळ्यांना सोपं हवं असेल तर स्कायकॅडीचं एसएक्स५५० साडेपाच इंचाचं आहे, जवळजवळ फोनच, पण खिशात ठेवायचं नाही, कार्टवर किंवा ट्रॉलीवर लावायचं. जी८० मध्ये जे रडार आहे ते क्लबचा वेग, बॉलचा वेग वगैरे सांगतं, ज्यांना रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सराव करायचा आहे त्यांच्यासाठी ते छान आहे, पण जे रेंजवर जातच नाहीत त्यांनी त्याचे पैसे का मोजावेत हे मला कळत नाही. गोल्फबडीची काही मॉडेल टोपीला अडकवायची असतात आणि अंतर बोलून दाखवतात. ज्यांना लहान आकडे वाचायला त्रास होतो त्यांच्यासाठी ही फार चांगली सोय आहे, आणि आवाज हळू ठेवला तर बरोबर खेळणाऱ्या बाकीच्या तिघांनाही त्रास होत नाही.

किमतीच्या पाटीवर एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे वर्गणी. काही कंपन्या नकाशे आयुष्यभर फुकट अपडेट करतात, गार्मिनची बेसिक माहिती त्यातली, पण ग्रीनच्या उतारांसारख्या जास्तीच्या गोष्टींसाठी तेही वर्गणी मागतात. स्कायकॅडीला सुरुवातीचा काळ संपला की वार्षिक मेंबरशिप लागते. वर्गणी वाईट असं मी म्हणत नाही, माणसं पाठवून कोर्स मोजायला खर्च येतोच, पण पाच वर्षांची वर्गणी यंत्राच्या किमतीत मिळवून मग दोन यंत्रांची तुलना करा, नाहीतर जे स्वस्त वाटतं तेच महाग पडतं.

स्लोप म्हणजे काय ते आता. डोंगराळ कोर्सवर, म्हणजे पुण्यात ऑक्सफर्ड किंवा नवी मुंबईत खारघर व्हॅली, वर चढून मारायचं असेल तर १५० यार्डांचा शॉट १६० सारखा मारावा लागतो. ढोबळ हिशेब असा की ग्रीन जितके यार्ड वर असेल तितके यार्ड मिळवायचे, खाली असेल तर वजा करायचे. स्लोपवालं यंत्र हा हिशेब करून "१५० आहे पण १६० सारखं खेळतंय" असं सांगतं. जीपीएसला उंची ही आडव्या अंतरापेक्षा कमी अचूक कळते, म्हणून बऱ्याच यंत्रांत प्रत्येक जागेची उंची नकाशातच भरलेली असते, म्हणजे इथेही गाडी पुन्हा नकाशावरच येते. सपाट कोर्सवर खेळणाऱ्याला या सोयीचा फारसा उपयोग नाही. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवर खेळणारा आणि ऑक्सफर्डवर खेळणारा यांची गरज इथे अगदी वेगळी आहे.

पण स्लोपबद्दल नियम नीट माहीत हवा. २०१९ पासून गोल्फच्या नियमांत, नियम ४.३ मध्ये, अंतर मोजायच्या यंत्रांना सरसकट परवानगी आहे, त्याआधी उलट होतं, कमिटीने मुद्दाम स्थानिक नियम केला तरच परवानगी मिळायची. आजही कमिटीला हवं तर ती स्थानिक नियम करून यंत्रं बंद करू शकते, म्हणून स्पर्धेची नोटीस वाचायचीच. उंचीतला फरक मोजणं, यंत्राने वाऱ्याचा वेग मोजणं, आणि बॉल कुठे आहे त्यावरून यंत्राने "सात नंबर आयर्न घ्या" असं सुचवणं या गोष्टी स्पर्धेत चालत नाहीत. यंत्रात सोय असली तरी चालतं, ती बंद ठेवायची. पहिल्यांदा चूक झाली तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन स्ट्रोकचा दंड आणि मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायच्या प्रकारात) तो होल जातो, दुसऱ्यांदा झाली तर सरळ बाद. म्हणून ज्यांना मेडल राऊंड आणि क्लबच्या स्पर्धा खेळायच्या आहेत त्यांनी स्लोप एका बटणाने बंद होतो का आणि बंद झालेला स्क्रीनवर ठळक दिसतो का ते बघून घ्यावं, म्हणजे बरोबरच्यांना शंका राहत नाही. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत २०२१ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये, किआवा आयलंडला, पहिल्यांदा अशी यंत्रं वापरू दिली, तीही स्लोपशिवायच.

एक सोय मात्र जवळजवळ प्रत्येक यंत्रात असते, फुकट असते आणि लोक ती वापरत नाहीत, शॉट मोजायची. टीवर बटण दाबायचं, मारायचं, बॉलपर्यंत चालत जायचं आणि आकडा बघायचा. ग्रीनपर्यंतच्या अंतरापेक्षा हा आकडा सहसा जास्त बरोबर असतो, कारण यात नकाशा नसतोच आणि दोन्ही टोकांना उपग्रहांची चूक साधारण सारखीच असल्याने ती कटून जाते. प्रत्येक क्लबचे नीट लागलेले आणि न लागलेले असे दोन्ही शॉट मोजून ठेवा. समोर १४१ आहे हे कळून उपयोग काय, जर तुमचा सात नंबर १४१ जातो की १२० हेच तुम्हाला माहीत नसेल! फक्त एक लक्षात ठेवा, हे अंतर घरंगळण्यासकट असतं. मे महिन्यात फेअरवे वाळून कडक झालेलं असतं, ड्रायव्हरचा बॉल पडून वीस-तीस यार्ड सहज पळतो, आणि जुलैत तोच बॉल जिथे पडतो तिथेच चिखलात बसतो. उन्हाळ्यातल्या आकड्यावर पावसाळ्यात नाला ओलांडायला जाऊ नका.

वापरताना येणाऱ्या दोन अडचणी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. पहिली, यंत्र चालू केल्याबरोबर तयार नसतं. उपग्रह आपली नेमकी जागा दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगत असतो आणि सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात, म्हणून बरेच दिवस बंद असलेलं यंत्र किंवा दुसऱ्या शहरात नेलेलं यंत्र सुरुवातीला चाचपडतं. पहिल्या टीवर गेल्यावर नव्हे, पार्किंगमध्ये बूट घालतानाच ते चालू करून बॅगेवर उघड्यावर ठेवा. दुसरी, होल आपोआप बदलणं. जिथे एका होलचं ग्रीन आणि दुसऱ्याच होलची टी शेजारी-शेजारी असतात तिथे यंत्र मध्येच भलत्या होलवर जातं आणि तुम्ही भलत्याच ग्रीनचं अंतर बघून मारता. आपले जुने शहरातले कोर्स दाटीवाटीचे आहेत, त्यामुळे हे होतंच. शॉटगन स्टार्ट असेल, म्हणजे सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करत असतील, तर होल हातानेच निवडावा लागतो. विकत घेताना होल मागे-पुढे करायला किती बटणं दाबावी लागतात ते करून बघा, दोनपेक्षा जास्त लागत असतील तर राऊंडमध्ये वैताग येतो. आणि मारायच्या आधी स्क्रीनवरचा होल नंबर बघायची सवय लावून घ्या.

दाट झाडीत, उंच इमारतींच्या शेजारी सिग्नल आपटून येतो आणि आकडा थोडा उड्या मारतो. जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ असे बाकीच्या देशांचे उपग्रहही वापरणारं यंत्र तिथे बरं पडतं. भारतात गगन नावाची आपली यंत्रणाही आहे, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने विमानांसाठी उभारलेली, ती वातावरणामुळे येणारी चूक दुरुस्त करून पाठवते. यंत्र ते सिग्नल वापरत असेल तर चांगलंच, पण निव्वळ तेवढ्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

सेकंडहँड घेणार असाल तर जपून. खूप जुन्या यंत्रांचे नकाशे कंपनीने अपडेट करणं बंद केलेलं असतं. त्यात जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो, तो शेवटचा ६ एप्रिल २०१९ ला आला, आणि ज्या जुन्या यंत्रांचं सॉफ्टवेअर त्यासाठी बदललं नाही त्यातली काही तारीख चुकीची दाखवायला लागली. विकणाऱ्यासमोर यंत्र चालू करून तारीख बरोबर आहे का आणि तुमचा कोर्स त्यात उघडतो का एवढं बघा. वर्गणीवालं यंत्र असेल तर ते जुन्या मालकाच्या खात्यातून निघालंय ना हेही विचारा.

अमेरिकेतून येणाऱ्या भावाला नाहीतर मुलीला सांगून मागवायची पद्धत आपल्याकडे आहेच, तिथे निवड जास्त असते आणि सेलमध्ये भावही बरा मिळतो. पण मागवायच्या आधी कंपनीच्या साईटवर कोर्सच्या यादीत तुमच्या क्लबचं नाव शोधा, आणि ते जुन्या नावाने, इंग्रजी स्पेलिंग बदलून, शहराच्या नावाने असं सगळ्या प्रकारे शोधा, कारण पुण्याचा कोर्स कधी पूना म्हणून असतो. भारताचे नकाशे आधीपासून भरलेले येतात की नंतर कॉम्प्युटरला जोडून भरावे लागतात, आणि वॉरंटी इथे चालते का, हे दोन प्रश्न ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या. आणि तिकडून निघण्याआधी त्यांनाच बॉक्स उघडून यंत्र चालू करायला, अपडेट करायला आणि तुमचा कोर्स त्यात दिसतो का ते बघायला सांगा, म्हणजे नसेल तर तिथल्या तिथे परत करता येईल.